पाव्हन्यासाठी गळ

बुडालेल्या माणसाला चुनीलाल भोई पाव्हना म्हणतो. मढं म्हणत नाही, प्रेत म्हणत नाही. नावही घेत नाही. पाण्यात उतरण्याआधी घरच्यांना नाव विचारतो, नीट ऐकून घेतो आणि काठावरच सोडून देतो. हे त्याला बापानं शिकवलं. "पानीमा नाव लिनं का हात थरथरस," बाप म्हणायचा. "पाव्हना म्हन. पाव्हनाले घर पोचाडानं, इतलंच आपलं काम."

त्याचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थापासून फार लांब नाही. तो लहान असताना उन्हाळ्यात नदी बारीक व्हायची आणि भोईवाड्यातली माणसं वाळूत टरबुजांच्या वाड्या लावायची. यात्रेच्या दिवशी पोरं घाटाखाली बुड्या मारून यात्रेकरूंनी टाकलेली नाणी काढायची. चुनीलालचा दम सगळ्यांत मोठा. नाणी शोधता शोधता एकदा त्याच्या हाताला केस लागले. तो ओरडला नाही. वर येऊन म्हणाला, "बाबा, खाले कोनी तरी शे." बाप स्वतः खाली गेला. बाहेर काढताना मात्र त्यानं पोराला हात लावायला लावला.

बाप गेल्यावर काम त्याच्याकडे आलं. पोलीस पाटलाचा निरोप आला की जेवत्या ताटावरून उठायचं. लंगोट लावायचा, नदीला हात जोडायचे, उतरायचं. त्याबद्दल काही घ्यायचं नाही. त्या घरचा चहासुद्धा नाही.

गाव त्याला मानतं आणि टाळतं. लग्नात वाढायला त्याच्या हातात पातेलं कोणी देत नाही. कोणी काही बोलत नाही. तो पुढे होतो तेव्हा पातेलं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं.

"बरं शे," त्याची बायको निर्मलाबाई म्हणते. "तुम्हले आयतं बठीसन खावाले भेटस."

मग नदीवर बंधारा झाला. पाणी बारमाही उभं राहिलं. वाळू गेली, वाड्या गेल्या. काठच्या बाभळी उभ्याच्या उभ्या पाण्याखाली गेल्या. शेतकऱ्यांनी काठावर मोटारी बसवल्या, आणि ऊस, केळी, पपई वर चढत गेली. चुनीलाल दुसऱ्यांच्या केळीत कामाला जाऊ लागला. पाव्हने मात्र येतच राहिले. उभ्या पाण्यात जरा जास्तच.

या पौषात गिरधर गेला.

गिरधर गुजरांच्या घरातला. तिशी अजून लांब होती. मोटार पाणी ओढेना म्हणून पाइपाच्या तोंडचा गाळ काढायला सकाळी पाण्यात उतरला. काठावर चपला, मोबाइल आणि अर्धी प्यालेली पाण्याची बाटली राहिली. लग्नाला दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

चुनीलाल आला. गिरधरची आई मंगलाबाई बांधावर बसली होती. तिला नाव विचारावं लागलं नाही. तो उतरला. पाणी गार होतं. पाइपापाशी कोणी नव्हतं. तो पुढे बाभळींकडे सरकला, आणखी खाली गेला, आणि डाव्या कानात फट् झालं. गार पाणी आत शिरलं. सगळं गरगरलं. वर कुठे, खाली कुठे, कळेना. तो जोरानं हातपाय मारत वर निघाला आणि त्याचं तोंड गाळात गेलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याला बाहेर काढावं लागलं. कानातून रक्त येत होतं. पाव्हना आत राहिला.

जिल्ह्याच्या पथकाची रबरी होडी आली. पाण्यावर फिरली. बाभळींत तिला शिरता येईना, काट्यांचं भय. थांबून थांबून ती गेली. उन्हाळा असता तर पाण्यानं स्वतःच वर दिलं असतं. थंडीचं पाणी धरून ठेवतं. त्यात काटे.

डॉक्टरांनी कान पाहिला. पडदा फाटला होता. म्हणाले, परत बुडी मारली तर तुम्हालाच शोधायला दुसरा माणूस लागेल.

दुसरा माणूस नव्हता. चुनीलालला मूलबाळ नव्हतं, आणि भोईवाड्यातली पोरं सुरतेला कामाला गेली होती.

मग एका दुपारी गायत्री आली. गिरधरची बायको. कपाळाला कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. ते ठेवावं की काढावं, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं. तिला हळदीकुंकवाला बोलावत नव्हते आणि रडायला कोणी जवळ बसत नव्हतं. ती ओट्याच्या कडेला टेकली.

"आप्पा, अमावास्याले पुतळा जाळनार शेत."

"ऐकेल शे मी."

गिरधरच्या चुलत्यानं ठरवलं होतं. माणूस सापडत नाही तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेला सुटतो. मंगलाबाईलाही तेच हवं होतं. पोरगा तहानलेला फिरतोय, असं तिला रोज वाटत होतं. मात्र चुलता हेही बोलला होता की एकदा पुतळ्याला अग्नी दिला म्हणजे दिला. मागून सापडला तरी दुसरा अग्नी नाही. एका माणसाला दोनदा जाळत नसतात.

"त्या पुतळाले मी काय म्हनू?" गायत्री म्हणाली. "तो कोन शे मन्हा?"

चुनीलालनं कानातला कापूस बोटानं आत सारला.

"माले एकदाव दखाडा, आप्पा. कसाबी ऱ्हावो. मी डोया झाकनार नही."

"मन्हा कान फुटी गया, पोरी. माले आते उतरता येत नही."

तिनं त्याच्या कानातल्या कापसाकडे पाहिलं. मग त्याच्या मांडीवर पडलेल्या हातांकडे.

"हात शेत ना?" ती म्हणाली, आणि उठून गेली.

त्यानंतर चुनीलाल रोज काठावर जाऊन बसू लागला. तिथे अजित असायचा.

अजित गिरधरचा दोस्त. एका वर्गातले, एका बाकावरचे. अजित मराठी घेऊन बी.ए. झाला आणि गावातच शिकवण्या घेऊ लागला. दोघांना गळाचा नाद होता. जुना बांबूचा गळ नव्हे, रॉड आणि रील. दोघांत मिळून एक घेतलेला. रबरी बेडूक लावून बाभळींच्या कडेनं फेकायचा आणि मरळ लागायची वाट बघायची. गिरधरचं घर माळकरी. मासा घरात न्यायची सोय नव्हती. तो मरळ पकडायचा, हातात धरून तिचे ठिपके बघायचा आणि सोडून द्यायचा. त्यावर चुनीलाल त्याला छळायचा. "सोडासाठी धरस का रे? उद्या चहा उकळीसन मोरीमा वती देशी!"

आता अजित एकटाच फेकत बसायचा. बेडूक लावायलाही बऱ्याचदा विसरायचा. नुसतं शिसं पडायचं, डुबुक्.

त्या दिवशी त्याचा गळ बाभळीत अडकला. त्यानं रॉड सरळ पाण्याकडे रोखला, पाय रोवले आणि मागे मागे सरत गेला. दोरी ताणून वाजू लागली. आता तुटेल, चुनीलालला वाटलं. तुटली नाही. पाणी हललं आणि एक काळी फांदी, काट्यांसकट, माणसाएवढी लांब, ओरबाडत काठाला आली.

चुनीलाल उठून उभा राहिला.

"दोरी तुटनी नही?"

"विनेल शे, आप्पा. दिसाले धागा, पन तार समजा."

"आन तुले हातमा काय समजनं? लाकूड शे हाई?"

अजितनं विचार केला. "मासा ऱ्हाता तं हालता. दगड ऱ्हाता तं जागचा सरकता नही. लाकूड नुसतं जड व्हत जास."

चुनीलाल फांदीकडे बघत राहिला. तिच्यात चिंधी होती का, ते त्यानं वाकून पाहिलं. नव्हती.

"माले असा एक लेवाना शे."

अजित हसला. कितीतरी दिवसांनी. "आप्पा, तुम्हीबी मरळी धरशात?"

चुनीलालनं मान हलवली. ती होकाराची नव्हती, पण अजितनं तशी धरली. चुनीलालनं तशी धरू दिली. दोस्त होता तो त्याचा. त्याला कसं सांगणार?

"मन्हा वापरा ना. नवा कसाले?"

"तुन्हा गयले मासा लागेल शे," चुनीलाल म्हणाला. हे खरं होतं. ज्या गळानं मासा धरला त्या गळानं पाव्हना आणायचा नाही, हाही बापाचाच नियम. अजितला वाटलं, आप्पाला कोरा गळ हवाय. नवशिक्याची हौस.

निर्मलाबाईला घरी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "रील?" ती म्हणाली. "ह्या वयमा? आते मोबाइलमा नाचनार का?" मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली. "जा," म्हणाली. "अमावास्या जवळ उनी."

नंदुरबारला बाजारातल्या एका गल्लीत इंद्रसिंगचं दुकान आहे. पुढे जाळी, शिसं, नायलॉनची रिळं. आत भिंतीला रॉड टेकवलेले, उसाच्या मोळीसारखे. इंद्रसिंग राजपूत. बोलका, पोट सुटलेला, कानावर पेन.

"या, मास्तर! दोस्त कुठे आज?" त्यानं अजितला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. अजितनं भिंतीकडे बघत "नाही आला" म्हटलं आणि चुनीलालला पुढे केलं.

"काय धरणार, दादा? मरळ? शिंगाडा? कितला किलोना मासा, ते सांगा. त्यावर रॉड ठरस."

चुनीलालनं पुष्कळ ठरवून आणलं होतं. पण तोंडातून आयुष्यभराची सवय बाहेर पडली.

"मासा नही. पाव्हनासाठी पाहिजे."

इंद्रसिंगचा चेहरा खुलला. "आसं सांगा ना! जावई का? सुरतवाला?" तो स्टुलावर चढला आणि वरून एक खोकं काढलं. वर पारदर्शक झाकण. आत दोन तुकड्यांचा लाल रॉड, सोनेरी रील, रंगीत प्लास्टिकचे मासे ओळीनं बसवलेले. "पाव्हना खूश! काठावर बठा, फोटू काढा, मासा नही लागना तरी हरकत नही."

"आप्पा, कोना पाव्हना?" अजितनं विचारलं. "माले सांगं नही तुम्ही."

चुनीलाल खोकं हातात घेऊन उभा होता. ज्या शब्दावर त्यानं जन्म काढला तो शब्द या दुकानात चालत नव्हता. आणि दुसरा त्याच्याजवळ नव्हता.

"हलका शे," त्यानं खोकं खाली ठेवलं. "जड कामना दखाडा."

"पाव्हना जाडा शे का?" इंद्रसिंगनं विचारलं. अजित फस्सकन हसला. चुनीलाललाही ओठ हलवावे लागले.

मग इंद्रसिंग कामाला लागला. एक रॉड त्यानं जमिनीला टेकवून कमानीसारखा वाकवला. फायबरचा. "हाऊ मोडनार नही. बैल बांधा." दुसरा काळा, सडपातळ. कार्बनचा. "हाऊ हातले बोलस. खाले खडा हालना तरी समजस. पन नाजूक. आडवा हिसका बसना का कटकन जास. जड कामले फायबरच ल्या."

चुनीलालनं दोन्ही हातांत घेतले. फायबरचा मुका होता. शेंडा खिळ्याला घासला तरी मुठीत काही पोचेना. कार्बनचा शेंडा नुसत्या वाऱ्यानं थरारला आणि ते त्याच्या करंगळीपर्यंत आलं.

"जड ओढानं काम दोरीनं," तो म्हणाला. "रॉड सरळ धरीसन ओढसू. माले पहिले समजाले पाहिजे."

"काय समजाले पाहिजे?"

"काय लागनं ते."

रील बघताना त्यानं आणखी वेळ लावला. इंद्रसिंगनं मोठं, भारदस्त रील बसवून दिलं. चुनीलालनं अजितला दोरी ओढायला लावली. दोरी सुटायची, अडायची, पुन्हा सुटायची. प्रत्येक वेळी हिसका. "नको. फाटी जाई."

"काय फाटी जाई? माशानं तोंड?"

चुनीलालनं ते रील परत सरकवलं. पाण्यात मुरलेलं कापड कसं सुटतं, ते त्याला माहीत होतं. दुसरं रील लहान होतं, दिसायला साधं. त्याची दोरी तुपात बोट फिरावं तशी सुटत गेली. ते त्यानं बाजूला ठेवलं.

आणि तीन तोंडांचे मोठे गळ. ते घेऊन त्यानं कानस मागितली. प्रत्येक टोकाच्या आतला उलटा काटा घासून काढू लागला.

"अहो दादा!" इंद्रसिंग कळवळला. "तो काटा काढा तं धरेल मासा निसटी जाई!"

"जखम व्हावाले नको," चुनीलाल म्हणाला.

इंद्रसिंगनं अजितकडे पाहिलं. अजित आता हसत नव्हता.

"दोरी लई जाय गल्लीना त्या टोकले," चुनीलालनं त्याला सांगितलं. "मी पाठ करस. गय एकेक वस्तूले लाव. मी सांगस काय शे."

अजित दोरीचं टोक घेऊन गेला. चुनीलालनं रस्त्याकडे पाठ केली, डोळे मिटले, कार्बनचा रॉड दोन्ही मुठींत धरला. उजव्या कानाला बाजार ऐकू येत होता. डाव्याला काहीच नाही. त्यानं हळूच ओढलं. दगडी पायरी. बरोबर. पुन्हा ओढलं. लाकडी खोकं. बरोबर. मग काहीतरी मऊ, जड, थोडं देणारं, पुन्हा धरणारं. "कापड," तो म्हणाला.

"पोतं शे, आप्पा," अजित लांबून ओरडला. "भुसानं पोतं."

चुनीलालचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा ओढून पाहिलं. पोतं आणि कापड. फरक असणारच. तो कुठे आहे, हे हाताला शिकवायला हवं होतं.

"आते तुन्हा सदराले लाव," तो म्हणाला. "बाहीले. आन आंग ढिलं सोड. जीव नही असं."

बराच वेळ काही लागलं नाही. मग लागलं. चुनीलालनं ओढलं. ते आलं, अर्धी वीत. थांबलं. जड होतं, पण ते जडपण मागे मागे राहणारं होतं, कुणी झोपेत कूस बदलावी तसं. पोतं असं येत नाही. हाताला ते कळलं.

मग दोरी एकदम ढिली पडली.

तो वळला. अजित गल्लीच्या टोकाला पायरीवर बसला होता. गळ बाहीत तसाच. तो चुनीलालकडे बघत होता आणि त्याला कळलं होतं.

चुनीलाल त्याच्यापाशी गेला. वाकून गळ सोडवू लागला.

"गिरधर?" अजित म्हणाला.

"पाव्हना," चुनीलाल म्हणाला.

दुकानात परतले तेव्हा इंद्रसिंगनं सोनेरी रीलचं खोकं वर, नजरेआड ठेवून दिलं होतं. त्यानं कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. दारातून त्यानं सगळं पाहिलं होतं. दोरी भरताना जाड दोरीचं रीळ बदलून त्याहून चांगलं काढलं. "कार्बनच न्या, दादा," तो म्हणाला. "तुम्हनं बरोबर शे."

त्यानंतर दोघं रोज नावेतून बाभळींच्या कडेला जायचे. अजित नाव धरायचा, चुनीलाल फेकायचा. गळ काट्यांच्या मधल्या फटीत सोडायचा, तळाला टेकू द्यायचा, मग इंच इंच ओढायचा. डोळे मिटून. तो बोलायचा नाही. हातात जे यायचं ते मात्र तोंडातून निघायचं. "दगड. गाळ. खोड. गाळ." अजितला ते शाळेतल्या पाढ्यासारखं ऐकू यायचं.

खाली काय काय होतं. खताच्या गोण्या. देवीच्या चुनऱ्या. मूर्तीची लाकडी चौकट. एकदा चुनीलाल पाढा म्हणता म्हणता थांबला. जड, मागे राहणारं, कूस बदलणारं. चुनीलालनं रॉड सरळ केला, हाताला पंचा गुंडाळून दोरी ओढली. पाण्याखाली रंग दिसला. निळा. गिरधरचा शर्ट निळा होता.

गोधडी होती. कुणा मेलेल्याची, नदीत सोडलेली.

अजितनं वल्हं नावेत टाकलं आणि पाठ करून बसला. चुनीलालनं गोधडी सोडवली, पाण्यात परत सोडली. "हाताले अजून समजत नही," तो म्हणाला. स्वतःला म्हणाला.

"आप्पा, मी आते येनार नही," अजित म्हणाला.

"नको येऊ."

दुसऱ्या सकाळी अजित आधीच नावेत बसलेला होता.

अमावास्या उजाडली. काठावर, जरा खालच्या अंगाला, पुरुष जमले. चुलत्यानं दर्भाचा पुतळा आणला. कुणीतरी पळसाची पानं. चुनीलालला नावेतून ते दिसत होतं. बायका घरी होत्या. इथल्या बायका अग्नीला येत नाहीत. अजितला तिकडून हाक आली. तो दोस्त, त्यानं लाकूड ठेवायला हवं होतं. तो गेला नाही.

"थोडं थांबा, म्हनसू का त्यासले?" त्यानं विचारलं.

"काय सांगीसन थांबाडशी?" चुनीलालनं विचारलं. हातात काही नव्हतं.

तो बाभळींच्या अगदी पोटात गळ टाकत होता, जिथे आतापर्यंत काट्यांमुळे टाकला नव्हता. इथे अडकला तर दोरी कापावी लागली असती. गळ खोडावर आपटला. घसरला. खाली गेला. गाळ. मग काहीतरी.

त्यानं ओढलं नाही. नुसता ताण दिला. त्या टोकानं तो घेतला आणि परत दिला. गोधडी नुसतं घेते. हे देत होतं.

खालच्या अंगाला धूर वर निघाला. सरळ, पांढरा. वारा नव्हता.

"अजित," चुनीलाल म्हणाला, "नाव काठले ले. हळू."

अजितनं धुराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि वल्हं घेतलं. चुनीलालनं रॉड सरळ रोखला. रील दोरी देत होतं आणि घेत होतं, न अडखळता. कमरेइतक्या पाण्यात तो उतरला. रॉड अजितच्या हातात दिला. पंचा गुंडाळून दोरी हातानं ओढू लागला, बाळंतिणीची खाट उचलावी तसा, धक्का न लावता. आधी काट्यांची फांदी आली. मग निळं आलं.

अजितनं पाहिलं. त्याच्या हातून रॉड पडला.

"जाय," चुनीलाल म्हणाला. "तिले लई ये. चितापाशी जाऊ नको. घर जाय."

त्यानं अंगावरचं धोतर सोडलं आणि पाण्यातच वरून पांघरलं. चेहरा झाकला नाही. तिनं सांगितलं होतं.

गायत्री आली. मागे मंगलाबाई, मागे सगळ्या बायका, पदर सुटलेल्या. गलका ऐकून खालच्या अंगाचे पुरुषही धावत आले. चुलत्याच्या हाताला अजून राख होती. तो चुनीलालकडे न बघता म्हणाला, "अग्नी दी दिना. आते काय करतस? दुसरा अग्नी नही."

चुनीलाल पाण्यात उभा होता, पांघरुणाखाली हात देऊन. त्यानं जन्मभर म्हटलं तेच म्हटलं.

"पाव्हना उना."

गायत्री पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिनं पाहिलं. डोळे झाकले नाहीत. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या मनगटातला काळा दोरा बोटानं सरळ केला.

"पाव्हना कसाना, आप्पा?" ती म्हणाली. "घरना माणूस शे." आणि चुलत्याकडे वळून, आवाज न चढवता, "तुम्ही जाळं ते गवत व्हतं. मन्हा माणूस आते उना."

चुलत्यानं मंगलाबाईकडे पाहिलं. तिनं सगळं आयुष्य त्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ती पाण्यात उतरली, पोराच्या पायाला हात लावला, आणि म्हणाली, "लाकडं आना."

पोलीस आले. डॉक्टर आले. जे करायचं ते काठावरच झालं. ऊन उतरताना दुसरी चिता रचली. चुलता आला नाही, अर्धी भाऊबंदकी आली नाही. लाकडं रचणाऱ्यांत अजित होता. रचता रचता तो मध्येच थांबायचा, आपल्या शर्टाच्या बाहीकडे बघायचा. तिथे बारीक भोक होतं.

गावात अजून दोन तट आहेत. चुलत्याच्या घरात परवा गाय दगावली तर त्याचाही बोल गायत्रीला लागला. ती आता मंगलाबाईसोबत शेतात जाते. मोटारीच्या पाइपाशी जायची वेळ आली की दोघी दुसऱ्या कोणाला बोलावतात.

त्या संध्याकाळी चुनीलालनं गळ कापून तापीत टाकला. पाव्हन्याला लागलेला गळ घरी आणत नाहीत. रॉड त्यानं आढ्याला खोचला, रील फडक्यात बांधलं.

निर्मलाबाईनं अंगणात कडुनिंबाचा पाला घातलेलं ऊन पाणी काढलं होतं. ती तांब्यानं त्याच्या पाठीवर ओतू लागली. डाव्या बाजूला उभी होती, ते लक्षात येऊन उजव्या बाजूला आली.

"पाव्हना सापडना म्हने?" तिनं विचारलं.

तो उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर. दोरीनं तळहात कापले होते. ते थरथरत होते. इतकी वर्षं कधी थरथरले नव्हते.

"गिरधर," तो म्हणाला. "गिरधर सापडना."